दुसरं ताट

माझ्या नवऱ्याचं वजन वाढलं, याचा दोष दोन वर्षं माझ्या पोळ्यांना दिला गेला. सासरच्यांनी दिला, शेजारणींनी दिला, आणि सेलूच्या डॉक्टरांनी तर माझ्या तोंडावर दिला. "वहिनी, हात जरा आखडता घ्या." मी हात आखडता घेतला. वजन वाढतच गेलं.

ते कशानं वाढत होतं हे आता मला कळलं आहे, म्हणून लिहायला बसले. ज्या घरात कुणी 'थोडीशीच' घेतो आणि त्याचं पोट का सुटतंय हे कुणालाच उमगत नाही, त्या घरातल्या बाईच्या हाती हे पडावं. शांतपणे लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. पण मी अजून शांत झालेली नाही.

नवऱ्याचं नाव विलास. चोवीस वर्षांत उखाण्याशिवाय मी ते तोंडाने घेतलेलं नाही. इथे घेणार आहे, आणि 'तो' असंच लिहिणार आहे. तेवढा हक्क मी कमावला आहे.

ताटाची परीक्षा

सेलूला आमचं कृषी केंद्र आहे. बियाणं, खतं, फवारणीची औषधं. दुकान विलास आणि त्याचा धाकटा भाऊ सुधाकर मिळून बघतात. मी गावालगतच्या दोन एकरांत भाजीपाला करते. वांगी, पालक, सांभार म्हणजे कोथिंबीर, चवळीच्या शेंगा. बुधवारी आणि शनिवारी दोघे भाऊ माल आणायला नागपूरला जायचे.

आता आमच्या वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे. ती कशी आहे हे इथल्याला सांगायला नको, आणि बाहेरच्याला सांगून पटत नाही. दुकान नाही, पाटी नाही, पण पाहिजे त्याला मिळते. ज्याला जरा बरी, बसून, चारचौघांत प्यायची असते तो जिल्ह्याची हद्द ओलांडून जातो. त्यामुळे आमच्याकडे माणूस एकतर दारुडा असतो, नाहीतर पीतच नाही. मधला माणूस जिल्ह्यात सापडत नाही. तो हद्दीपलीकडच्या ढाब्यावर असतो आणि जेवणाच्या वेळेला घरी परत येतो.

माझे सासरे मोहाची प्यायचे. घरी आले की वाढलेलं ताट लोटून द्यायचे. हाडांचा सापळा होऊन गेले बिचारे. त्यावरून सासूबाईंनी एक नियमच करून टाकला होता: बाहेरून आलेल्या पुरुषापुढे आधी ताट ठेवायचं. मी लग्न होऊन आले तेव्हा चूल कुठे, पीठ कुठे हे दाखवायच्या आधी त्यांनी मला तो नियम सांगितला.

"पेणाऱ्याले अन्न गोड लागत नाई, बाई. जेवला का समजजो, कोरडा हाये."

सासूबाई गेल्या, नियम राहिला. विलास नागपूरहून यायचा, तोंडात मिठा पान, माझ्यासाठी दुसरं पान पुडीत. हातपाय धुऊन पाटावर बसायचा आणि चार पोळ्या, दोनदा भाजी, वर वरण-भात असं चवीनं जेवायचा. मी समाधानानं वाढायची. दारुडे वाळतात, माझा नवरा भरला आहे, म्हणजे देवाची कृपा आहे असा माझा साधा हिशेब.

दुधीचं राज्य

मग शर्टाची बटणं लागेनात. साखर निघाली. सोनोग्राफीत यकृतावर चरबी दिसली. सेलूच्या डॉक्टरांनी विचारलं, "काही व्यसन?" आणि उत्तराची वाट न बघता स्वतःच हसले, "वर्ध्यात कुठलं म्हणा." विलास हसला. मीही हसले. ते हसू आठवलं की आजही माझ्या कानशिलाच्या शिरा तडतडतात. तपासायला बसलेल्या माणसानं एक प्रश्न पूर्ण विचारायला काय जातं?

त्यानंतर आमच्या घरात दुधीचं राज्य आलं. फोडणी बंद, बटाटा बंद, भात सणावारी. मुलगी पुण्याला शिकायला, घरात दोघंच. एकासाठी वेगळं रांधायला जीव होईना, म्हणून मीही तेच खाल्लं. दिवसभर वाफ्यात वाकायचं आणि वर उकडलेला दुधी. सकाळी त्याला फिरायला न्यायचं. माझी पोलकी सैल झाली, जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली. त्याचं पोट मात्र जिथल्या तिथे, उलट बोटभर पुढेच.

दर रविवारी सुधाकर यायचा. आमच्या पडवीत, माझ्या हातचे पोहे खात म्हणायचा, "वहिनी, तुम्ही लय चारता दादाले. पाहा ना कसा फुगून राह्यला."

हा रविवार शनिवारच्या दुसऱ्या दिवशी येतो, एवढं वाचकांनी लक्षात ठेवावं.

ती सकाळ

अशाच एका रविवारी, चहा ठेवला होता, तेवढ्यात न्हाणीघरातून आवाज आला. विलास भिंतीला धरून वाकला होता. पोटातली कळ पाठीपर्यंत जात होती. उलट्या थांबेनात. बैल अंगावर आला तेव्हाही न ओरडलेला माणूस "आई, आई" करत होता. सुधाकरनं गाडी काढली. वर्ध्याचा रस्ता त्या दिवशी संपता संपत नव्हता. मागच्या सीटवर त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि मी मनातल्या मनात माझ्याच भाजीतलं तेल मोजत होते. शुक्रवारी जरा जास्त पडलं होतं का?

मोठ्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरबाई होत्या. तपासण्या झाल्या आणि त्यांनी सांगितलं की स्वादुपिंडाला सूज आली आहे. रक्तातली चरबी इतकी वाढली आहे की नमुना दुधाळ दिसतोय. "गंभीर आहे. पुढचे काही दिवस बघावे लागतील. तोंडानं काहीही द्यायचं नाही, पाणीसुद्धा नाही."

मग त्यांनी विलासला विचारलं, "दारू घेता?"

त्यानं आधी माझ्याकडे पाहिलं, मग म्हणाला, "नाई."

बाहेर आल्यावर त्यांनी तोच प्रश्न मला केला. मी चिडले. म्हणाले, "मॅडम, आमच्या जिल्ह्यात बंदी हाये. आन् पेणारा माणूस असा दिसते का? तो तर वाळते. हे तर घरी येऊन चार पोळ्या खातेत." नवऱ्याच्या बाजूनं वकिलासारखी भांडले मी. 

"दोनच"

सुधाकर पलीकडेच उभा होता, घाबरून पांढरा पडलेला. दादा जातो की काय या भीतीनं त्याला राहवलं नसावं. तो पुढे आला आणि जणू भावाच्या चांगल्या वागणुकीचा दाखला देतोय अशा सुरात म्हणाला, "मॅडम, तसा तो जास्त घेत नाई. दोनच. बुधवारी दोन, शनिवारी दोन. त्याच्यावर कधीच नाई. मी संगच राह्यतो ना."



"आणि जेवण?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"तिथंच होते. सावजी मटण, रोट्या. चखना आधी. तेवढं तर लागतेच."

डॉक्टरबाई माझ्याकडे वळल्या. "मग घरी येऊन चार पोळ्या?"

माझ्या तोंडून फक्त होकाराचं "हाव" निघालं. वऱ्हांड्यातल्या बाकावर मी बसले ती कितीतरी वेळ उठले नाही. बुधवारी-शनिवारी माझा नवरा दोनदा जेवत होता. एकदा दारूबरोबर, आणि एकदा ती घेतली नाही हे मला दाखवायला.

डॉक्टरबाई शेजारी येऊन बसल्या. एखाद्या भाचीनं सांगावं तसं त्यांनी सांगितलं. दारूनंच सगळं झालं असं नाही. साखर होती, अंगचा गुण होता, बैठं काम होतं. पण दोन पेग म्हणजे पाणी नव्हे. पोटात दोन-अडीच पोळ्या गेल्यासारखंच ते असतं, फक्त पोटाला ते जेवण वाटत नाही. उलट भूक खवळते आणि हात तळलेल्या, खारटाकडे जातो. शरीर आधी दारू जाळायला घेतं आणि बाकीचं जेवण चरबी करून ठेवून देतं. "थोडी घेणारा प्रत्येक जण जाड होतो असं नाही," त्या म्हणाल्या. "पण थोडी घेणाऱ्याचं वजन वाढत असेल तर तिचा विचार करायला हवा. तो कुणी करत नाही, कारण थोडी घेणारा सांगत नाही."

"मंग मी काऊन वाळलेला?" सुधाकर मध्येच म्हणाला. खरंच तो काडीसारखा आहे.

"प्रत्येकाचं शरीर वेगळं. घरी गेल्यावर तुम्ही जेवता?"

"नाई. मी सरळ झोपतो. आमची घरवाली ताटच वाढत नाई."

त्या क्षणी मला माझ्या जावेचा जेवढा हेवा वाटला तेवढा कधी कुणाचा वाटला नव्हता.

आणि संताप कसला आला म्हणता. तिथं बसून मटण ओरपायचं, आणि दुसऱ्या दिवशी माझ्या पडवीत बसून 'वहिनी लय चारता'. दोन वर्षं. दोघेही तसेच गाडी चालवत परत यायचे, ते आणखी वेगळंच. त्याबद्दल मी अजून तोंड उघडलेलं नाही, कारण उघडलं तर मिटणार नाही.

वॉर्ड

दवाखान्यात वेळ सलाईनच्या थेंबांनी जातो. सकाळी फरशी पुसणाऱ्या बाईची बादली, मग राउंड, मग रक्त, मग नातेवाइकांचे डबे. विलासच्या नाकात नळी, ओठ सुकलेले. मी कापूस ओला करून ओठांना लावायची, पण बोलायची नाही. तो डोळ्यांनी माझ्यामागे फिरायचा. त्याचं दुखणं बघवत नव्हतं, आणि त्याच्याकडेही बघवत नव्हतं. हे दोन्ही एकाच वेळी होतं. तो मरेल या भीतीनं मी देवाचं नाव घेत होते, आणि बरा झाला की काय काय बोलायचं याची जुळवाजुळवही करत होते.

बुधवारी संध्याकाळी मात्र गंमत झाली. तोपर्यंत कळ उतरली होती, पण अजून घोटभर पाण्याचीही परवानगी नव्हती. ढाब्यावर बसायची वेळ झाली आणि हा कूस बदलायला लागला. "भूक लागून राह्यली," म्हणाला. सकाळपासून कधी नव्हती ती नेमकी तेव्हा. डॉक्टरबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "वेळ झाली ना त्यांची. भुकेलाही सवय असते." मला हसू आलं, आणि हसू आल्याचा राग आला.

शेजारच्या खाटेवर गिरडकडचे एक म्हातारे होते. त्यांच्या म्हातारीनं त्या संध्याकाळी डबा उघडला आणि काही न विचारता अर्धी ज्वारीची भाकर माझ्या हातावर ठेवली, वर मिरचीचा ठेचा, तेलात न्हालेला. "खाय पोरी. सकायपासून पाहून राह्यली मी, तुया तोंडात काई नाई." डोळ्यांतून पाणी येईपर्यंत मी तो ठेचा खाल्ला. दोन वर्षांत तिखटाची, तेलाची चव जिभेला लागली नव्हती.

दुसऱ्या दिवशी राउंडला डॉक्टरबाई विलासला तपासून झाल्यावर माझ्यापाशी थांबल्या. माझ्या डोळ्याची खालची पापणी बोटानं ओढून पाहिली. "तुमच्या अंगात रक्त नाही. तुम्ही जेवता का नीट?"

मी रडले. सगळ्या वॉर्डासमोर, पदर तोंडात धरून. त्याला किती वाढते हे साऱ्या जगानं मला विचारलं होतं. मी काय खाते, हे विचारणारी ती पहिलीच.

पान

पेज सुरू झाली तेव्हा मी त्याला पहिला प्रश्न विचारला. "घरी येऊन जेवत काऊन होते?"

"मायनं सांगतलं होतं ना तुले," तो म्हणाला. "जेवला का कोरडा. तू ताट घेऊन बसलीच राहे. नाई जेवलो असतो त तुले कळलं असतं."

"आन् जात कसं होतं पोटात?"

तो खाली बघत म्हणाला, "खोटं नाई सांगत. दोन घेतले का पोटात वाघ उठे. मटण खाऊनई उठे. तुयं जेवण मले जड नाई गेलं कधी."

"दुधीबी?"

"दुधीबी."

"आन् पान?"

त्यानं पेजेची वाटी खाली ठेवली. मग हळू म्हणाला, "वास जावा म्हणून."

"मायं पान?"

"एकच घेऊन आलो असतो त तू विचारलं असतं, पान काऊन."

दारूचं मी एक वेळ समजून घेईन. दोन पेग घेणारा माणूस राक्षस नसतो, जगात पुष्कळ घेतात. पण ते पान मी प्रेमाचं समजून खाल्लं होतं. त्याचा मला सगळ्यांत जास्त राग आला, आणि आजही तोच जास्त आहे. हे वाचून कुणाला मी बारीकसारीक गोष्टींना धरून बसणारी बाई वाटले तर वाटू दे.

शपथ

घरी आलो तशी माणसं जमली. आता सगळ्यांना सगळं आधीपासून माहीत होतं असं निघालं. "दोनच घेते म्हणून आम्ही बोललो नाई." माझ्या स्वयंपाकावर बोलताना मात्र कुणाची जीभ अडली नव्हती.

सुधाकरनं ठरवूनच टाकलं. "याले गिरडले नेऊ. टेकडीवर बाबाच्या दर्ग्यात हा शपथ घेईन, का मिटलं."

मी म्हटलं, "शपथ नको."

"काऊन वहिनी? पेऊ द्याचं का त्याले?"

"पेवाचं नाईच. डॉक्टरनं एक थेंब नाई सांगतला, आता दोनचा प्रश्नच संपला. पण शपथ घेतली का तोंड शिवल्या जाते. उद्या घेतलीच, त दर्ग्याच्या भेवानं माणूस आणखीनच लपवन. मंग दोन ताटांच्या जागी तीन ताटं खाईन." मग विलासकडे वळले. "तुम्ही मले फक्त खरं सांगत जा. घेतली त घेतली, जेवले त जेवले. मी भांडीन. पण ताट घेऊन बसणार नाई."

सुधाकरला ते पटलं नाही. त्याला अजूनही पटलेलं नाही. तो स्वतः बुधवारी-शनिवारी अजून जातो, आता एकटा, आणि आमच्याकडचे पोहे त्याला मिळत नाहीत.

त्यानंतर विलासचं वजन उतरू लागलं. सुरुवातीला संध्याकाळी तो नुसता घरभर फिरायचा, गूळ शोधायचा, शेंगदाण्याच्या डब्याशी जायचा. हळूहळू ती वेळेवर उठणारी भूक मालवली. माझ्या फोडण्या बेतानं परत आल्या आणि तरी वजन उतरत राहिलं. सेलूच्या डॉक्टरांना कागद दाखवले तेव्हा ते म्हणाले, "छान, आहार सुधारला वाटतं." मी म्हटलं, "डॉक्टरसाहेब, पुढच्या माणसाले व्यसनाचं विचाराल तवा त्याच्या बायकोले जरा बाहेर पाठवा. आन् उत्तर त्यालेच देऊ द्या."  

डीलर मीटिंग

मागच्या महिन्यात एका बियाणं कंपनीची डीलर मीटिंग होती. अशा मीटिंगा कुठे होतात हे आता मला ठाऊक आहे. जाणं भाग होतं. त्याच्या मनात काय होतं माहीत नाही, पण माझं लक्ष दिवसभर रस्त्याकडे होतं. डॉक्टरबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं की पुन्हा सूज आली तर दर वेळी माणूस हाती लागेलच असं नाही.

मी वांगी भाजून भरीत केलं. भाकरी टाकल्या. आणि सवयीनं त्याचंही ताट मांडलं. माझं एकच मांडायचं ठरवलं होतं, तरी दोन मांडली गेली.

तो आला. हातपाय धुतले. दारातच उभा राहिला.

"जेवून आलो," म्हणाला.

चोवीस वर्षांत हे वाक्य मी त्याच्या तोंडून ऐकलं नव्हतं.  सासूबाई जणू चुलीपाशी उभ्या होत्या: नाई जेवला म्हणजे प्याला.

"आन्?" मी विचारलं.

"घेतली नाई. टेबलावर सगळ्याईले सांगतलं, डॉक्टरनं बंद केली मायी. हासले थोडे. मंग एक जण म्हणे, मायंबी लिवर तपासाचं हाये."

"पान?"

"नाई आणलं."

त्याचं तोंड माझ्यापासून हातभर अंतरावर होतं. वास घेता आला असता. मी घेतला नाही. त्याचं ताट उचलून पालथं करून फळीवर ठेवलं आणि माझ्या ताटाशी बसले.

भरितावर मी कच्चं तेल सोडलं, चांगलं हात मोकळा ठेवून. कांद्याची पात, हिरवी मिरची. तो समोर पाण्याचा पेला घेऊन बसला. मी जेवताना त्यानं मला कधी पाहिलंच नव्हतं. मी नेहमी त्याच्या मागून जेवायची. दोन भाकरी झाल्यावर मी हात आवरता घेतला, तशी त्यानं टोपलीवरचं फडकं बाजूला केलं.

"आणखीन एक घे ना," म्हणाला. "रक्त कमी हाये तुयं."

माझा राग गेलेला नाही. इतक्यात जाणारही नाही. पण ती भाकर त्यानं वाढली, आणि मी ती खाल्ली.